निकाली कुस्ती, रिप्लेसह

बुधवार, १२ मार्च. बारामती

क्रिकेटचे प्रक्षेपणहक्क आमच्या वाहिनीला मिळाले, त्या दिवशी मुंबईच्या कचेरीत पेढे वाटले होते. मला जिल्हा प्रतिनिधी म्हणून पेढ्यांचा फोटो आला. आज त्या पेढ्यांचे पचन सुरू झाल्याचे पत्र आले.

पत्राची भाषा सुंदर आहे. 'काटकसर' हा शब्द कुठेही नाही, 'सुटसुटीतपणा' आहे. हक्कांसाठी मोजलेली रक्कम आता बाकीच्या खेळांनी भरून काढायची; म्हणजे क्रिकेटने जेवायचे आणि कबड्डी, खो-खो, कुस्ती यांनी उपास धरायचा. सुटसुटीतपणात माझी गाडी गेली, वेगळा समालोचनाचा माईक गेला आणि आमचा कॅमेरामन रामहरी गेला. पाठशाळेत आम्हाला शिकवले होते की प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचे कार्य मागे उरते. रामहरीचा लोप झाला, कार्य उरले आहे. ते कोणी करायचे, याबद्दल पत्र गप्प आहे.

मालतीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "अहो, पुढचं पत्र कुणाचं?"

"मालती, वीस वर्षांचा अनुभव असा लोप पावत नसतो."

ती फोडणी द्यायला उठली. मोहरी आज जरा जास्त तडतडली.

मंगळवार, १८ मार्च

अश्लेषाचा फोन. ही आमची मुंबईची कार्यक्रमप्रमुख. वय माझ्या चपलांपेक्षा थोडे जास्त, पण मुलगी गुणी आणि कायम घाईत. म्हणाली, "सर, बावड्याचं कुस्तीमैदान आपण लाइव्ह करतोय. शनिवार, पाच एप्रिल. पाच ते साडेसहा. साडेसहाला क्रिकेटच्या आधीचा कार्यक्रम सुरू होतो, त्यामुळे साडेसहा म्हणजे साडेसहा."

मी सांगितले की बावड्याच्या कुस्त्या निकाली असतात. पाठ टेकेपर्यंत चालतात, घड्याळाला विचारत नाहीत.

"सर, प्लीज त्यांना सांगा." मग आवाज खाली आणून, "हे मैदान चांगलं झालं ना सर, तर मराठी कुस्तीचा स्लॉट राहील. स्लॉट राहिला तर…" पुढचे मला समजले. स्लॉट राहिला तर मी राहीन.

एक अडचण आहे. रिप्लेला प्रायोजक मिळाला आहे, पाण्याच्या टाक्यांची कंपनी. प्रत्येक रिप्लेच्या आधी मी म्हणायचे, "हा रिप्ले आपल्यासाठी घेऊन येत आहेत…" आणि टाकीचे नाव. पैसे घेऊन झाले आहेत. पण रिप्ले दाखवणारे यंत्र भाड्याचे होते आणि सुटसुटीतपणात ते परत गेले.

"मग रिप्ले कुठून आणायचा?"

"सर, तुम्ही काहीतरी कराल. तुमच्यावर माझा विश्वास आहे."

साहित्यशास्त्रात पुनरुक्ती हा दोष मानला आहे. टीव्हीवर तिला प्रायोजक मिळतो.

फोन ठेवताना तिने माझा भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक पुन्हा एकदा पाठवायला सांगितला. इतक्या वर्षांनी कचेरीला माझ्या भविष्याची काळजी वाटू लागली, हे शुभलक्षण.

सोमवार, २४ मार्च. इंदापूर एसटी स्टँड

बावड्याहून परत येताना हे लिहितो आहे. बस अजून लागलेली नाही. कंडक्टर भेळ खातोय, म्हणजे वेळ आहे.

मैदानाचे सूत्रधार गेणबातात्या. स्वतः जुने पैलवान. कान फुटून फुटून भज्यासारखे झालेले. उसाला पाणी सोडून आले होते, पायांना चिखल तसाच. पत्नी कौसल्याबाईंनी चहा दिला आणि तिथेच उंबऱ्यावर बसून ऐकत राहिल्या.

मी म्हणालो, "तात्या, साडेसहाला संपवावं लागेल."

"कुस्ती म्हंजे काय बँक हाय व्हय, शटर वढायला?"

"टीव्हीचा नियम आहे."

"मग टीव्ही आली न्हाय तरी चालंल, शास्त्रीबुवा. तुमी तेवढं या म्हंजे झालं."

इथे मला सगळे शास्त्रीबुवा म्हणतात. दोन वर्षांपूर्वी इंदापूरच्या मैदानात निवेदकाचा घसा बसला, तेव्हा मी घटकाभर माईक धरला होता, तेव्हापासून. टीव्ही नको म्हणताना तात्यांचा चेहरा अगदी निर्विकार होता. ग्रामीण माणसाचा हा विनय पाहून मन भरून येते. आत कॅमेऱ्याची केवढी ओढ असेल!

जोड ठरली आहे: कोऱ्हाळे बुद्रुकचा विराज विरुद्ध बावड्याचाच इंद्रजित. इंद्रजित तात्यांच्या तालमीतला. विराज उंच आणि अबोल, ढाक मारण्यात पटाईत. म्हणजे समोरच्याचा हात बगलेत दाबून, पाय अडकवून त्याला थेट आभाळ दाखवायचे.

कंडक्टरने भेळेचा कागद चुरगळला. निघतो.

शुक्रवार, २८ मार्च

रामहरी आता लग्नाचे शूटिंग करतो. इंदापुरात गाठला. म्हणाला, "शनिवारी मुहूर्त न्हाय सर, येतो." वाहिनी त्याला एका दिवसाचेच देणार. त्याच्याच खुर्चीवर त्याला पाहुणा म्हणून बोलावताना मला कसेसे झाले. त्याला काही वाटलेले दिसले नाही.

माईक एकच आहे, तोही टीव्हीचा. तात्यांना फोनवर सांगितले तर म्हणाले, "मग आमच्या भोंग्यालाबी त्योच जोडा की. बुवा एक, आवाज एक, माईक दोन कशाला?" काटकसरीचे तत्त्व वाहिनीपेक्षा तात्यांना जास्त कळते. रामहरी म्हणाला, वायर जोडता येईल. म्हणजे मी एकदा बोललो की मुंबईलाही जाईल आणि मातीवरही.

यात काही चूक असेल असे मला त्या वेळी वाटले नाही. आत्ताही वाटत नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

अश्लेषाचा निरोप: मैदान झाल्यावर माईक, वाहिनीचा शिक्का असलेला चौकोनी ठोकळा आणि ओळखपत्र पुण्याच्या कचेरीला पाठवावे. नवीन ओळखपत्र देणार असावेत. जुन्यातला माझा फोटो मिशीचा आहे, आणि मिशी जाऊनही आता काही वर्षे झाली.

मालतीला सांगितले. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि म्हणाली, "धोतर नेसून जा. तुम्हाला शोभतं."

रविवार, ६ एप्रिल. सकाळ, चहा तीन वेळा घेऊन झाला

कालचे सगळे नीट लिहून ठेवले पाहिजे. असे समालोचन माझ्या हातून पूर्वी झाले नाही.

लहान कुस्त्या वेळेवर झाल्या. रामहरीने सवयीने आधी व्यासपीठावरच्या फेटेवाल्यांवर एकेक करून कॅमेरा फिरवला, मग जेवणाच्या मंडपावर. कानातल्या यंत्रातून अश्लेषा ओरडत होती, "सर, त्यांना सांगा हे लग्न नाहीये!" रामहरीला मी सांगितले. त्याने मान डोलावली आणि कॅमेरा विराजच्या अंगठीजवळ नेला.

मानाची कुस्ती लागली. हलगी कडाडली, सलामी झाली, एकमेकांची ताकद आजमावणारी खडाखडी झाली. मी रंगात आलो. दोघे एकमेकांत गुंतले आणि मला सवयीप्रमाणे जे दिसले ते मी बोललो: "इंद्रजितचा डावा हात विराजच्या बगलेत अडकलेला आहे, मंडळी, पाय उघडा पडलाय, इथे ढाकेला मोकळी जागा आहे…"

हे मुंबईला ऐकू गेले. आणि भोंग्यातून विराजलाही.

विराजने भोंग्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पाय घातला, ढाक मारली, इंद्रजित आडवा.

मग बायकांच्या बाजूने कौसल्याबाईंचा आवाज आला, भोंग्याची गरज नसलेला: "बुवा! बावड्याचा च्या पिऊन कोऱ्हाळ्याला वाट दावता व्हय?"

हशा आणि शिव्या एकत्रच उठल्या. तेवढ्यात कानात अश्लेषा: "सर, रिप्ले! टाकीवाले बघताहेत! काहीतरी करा!"

आणि मी केले. माईकवर म्हणालो, "मंडळी, पैलवानांना विनंती, हाच डाव पुन्हा एकदा, सावकाश, करून दाखवावा. हा रिप्ले आपल्यासाठी घेऊन येत आहेत…" आणि टाकीचे नाव घेतले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. विराजने मान हलवली. इंद्रजित अंगाची माती झाडत म्हणाला, "दावतो की. पन ह्ये गप बसत्याल तर."

मी तोंडावर बोट ठेवले. दोघांनी पुन्हा तशीच पकड धरली, हात बगलेत, अगदी मघाचीच मूर्ती. विराजने सावकाश पाय घातला. इंद्रजितने तो सावकाश घालू दिला, मग सावकाश नसलेल्या गतीने कंबर फिरवली, आणि विराज आभाळाकडे बघत मातीत.

मैदान फुटले. कोऱ्हाळेकर आत धावले. "आरं, त्ये दावायचं हुतं!" बावडेकर म्हणाले, "पाठ टेकली का न्हाय, तेवढं सांगा." पंच एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला मान हलवत होते. मला कुणीतरी धोतराला धरून खाली ओढले; ते कोण, हे न लिहिलेले बरे.

तात्या मध्ये आले. दोन्ही हात वर करून म्हणाले, "ऐका! अंगाला माती लावली की ती कुस्ती. खोटी कुस्ती आमच्याकडं नसतीया. ह्याची एक, त्याची एक. आता तिसरी, आन् ती निकाली." मग माझ्याकडे वळून: "आन् बुवा, तुमी बोलायचं. तुमी न्हाय बोलला तर हलगीला मजा न्हाय. पन पैलवानांस्नी कळंल असं बोलायचं न्हाय."

"मग कसं बोलू?"

"तुमी शिकलाय की तसलं."

याच वेळी अश्लेषा कानात बोलली, "सर, थँक्यू, खूप छान, आपण इथेच…" आणि हलगी सुरू झाली. पुढचे ऐकू आले नाही. 'इथेच थांबून तिसरी कुस्ती दाखवू' असे असावे. साडेसहाची अट मोडली, म्हणजे कुस्तीचा रंग मुंबईलाही चढला होता. कॅमेऱ्याचा लाल दिवा विझलेला दिसला. रामहरीला खुणेने विचारले. तो जवळ येऊन म्हणाला, "बॅटरी वाचवतोय सर," आणि हाताने 'चालू द्या' अशी खूण केली. माझ्याकडे न बघता केली, पण ठामपणे.

मी डोळे मिटले, पाठशाळेच्या गुरुजींचे स्मरण केले आणि संस्कृतात सुरुवात केली.

"अयं कोऱ्हाळेसंभवो विराजः! असौ बावडानिवासी इंद्रजित्! उभौ धूलिधूसरौ, उभौ घर्मजलेन स्नातौ!"

मागून एक म्हातारा सवयीने ओरडला, "सावधान!"

झाले. इथल्या माणसांनी संस्कृत ऐकले आहे ते लग्नातच. माझे प्रत्येक वाक्य संपले की सगळे मैदान एका सुरात "सावधान!" म्हणू लागले. हलगीवाल्याने ताल धरला. मी चढत गेलो. हस्तेन हस्तम्, सावधान! स्कन्धेन स्कन्धम्, सावधान! पंचांनी एकदा उपरणे सरसावले, ते अंतरपाट धरतात की काय असे वाटले. एकदा माझ्या तोंडून 'वामपादः' निघून गेले, तर तात्या खालून गुरकावले, "बुवा, वाम आमाला कळतंय! पंचांगात असतंय त्ये!" मी शब्द मागे घेतला.

सूर्य मावळला, मातीवर अंधार उतरू लागला, तरी दोघे सुटेनात. कुणी घरी जाईना. कानात अश्लेषाचा एक शब्द नाही. एरवी दर मिनिटाला बोलणारी मुलगी, आदराने गप्प बसली असणार.

आणि मग विराजने इंद्रजितचा हात बगलेत घेतला, पाय घातला. पहिल्यांदा मारली होती तीच ढाक. हात तोच, जागाही जवळपास तीच. या वेळी मी काहीही सांगितलेले नव्हते. इंद्रजितची पाठ सपाट टेकली. तो पडल्या पडल्याच हसला आणि उठून विराजच्या पाया पडायला निघाला, तर विराजने त्याला मध्येच उचलून खांद्यावर घेतले.

पहिल्या कुस्तीचा हा अस्सल रिप्ले होता. मी भान राखून म्हणालो, "हा रिप्ले आपल्यासाठी घेऊन येत आहेत…" लोकांनीच टाकीचे नाव पुरे केले. आणि म्हणाले, "सावधान!"

तात्यांनी मला फेटा बांधला. स्लॉट वाचला, यात शंका नाही.

त्याच दिवशी, दुपारी

मालतीची मला जरा धास्ती होती. ती स्तुती करत नाही. पण आज जेवताना आपणहून म्हणाली, "शेवटची कुस्ती फार छान बोललात. 'सावधान'ला मी एकटी इथं हसत होते."

"टीव्हीवर आवाज कसा येत होता?"

"आवाज खणखणीत होता," ती म्हणाली, आणि मला आणखी एक पोळी वाढली. मी मागितली नव्हती.

सोमवार, ७ एप्रिल

पत्र आले. माझे पद सुटसुटीत झाले आहे.

अश्लेषाला फोन केला. ती आधी रडली, मग मी. मग आम्ही दोघे दुसरे काही बोलायचे म्हणून क्रिकेटचे बोललो. "सर, मला महिनाभर माहीत होतं. मैदान चांगलं झालं तर थांबवतील असं वाटलं होतं. खरंच वाटलं होतं." मग म्हणाली, "मीसुद्धा या शुक्रवारपर्यंतच आहे."

मी विचारले, तिसरी कुस्ती वरिष्ठांना आवडली नाही का?

"कुठली तिसरी, सर? साडेसहाला आपण बाहेर पडलो ना. मी कानात सांगितलं होतं. 'आपण इथेच थांबतोय.'"

म्हणजे अयं विराजः, असौ इंद्रजित्, धूलिधूसरौ आणि ती ढाक यांतले काहीही बावड्याच्या वेशीबाहेर गेले नाही. माझ्या आयुष्यातले सर्वोत्तम समालोचन मी विझलेल्या दिव्यासमोर केले. टाकीवाल्यांची जाहिरात फुकट, तीसुद्धा पूर्ण भावनेने.

मग एकदम आठवले. स्वयंपाकघरात जाऊन विचारले, "मालती, टीव्ही तर साडेसहाला बंद झाला. तू 'सावधान' कुठून ऐकलंस?"

ती कोथिंबीर निवडत होती. "क्रिकेट सुरू झालं तसा मी रामहरीला फोन केला. तो म्हणाला, बोलू नका वहिनी, सर रंगात आहेत. त्यानं फोन कौसल्याबाईंकडे दिला. त्यांनी शेवटपर्यंत भोंग्यासमोर धरून ठेवला. हात भरून आला तर दुसऱ्या हातात घेतला, म्हणत होत्या."

एवढे बाह्यप्रक्षेपण कोणत्याही वाहिनीने इतक्या स्वस्तात केलेले नसेल.

"मला कालच का नाही सांगितलंस?"

"काल तुम्ही फेटा काढला नव्हता," ती म्हणाली.

सोमवार, १४ एप्रिल

काही दिवस लिहिले नाही. लिहिण्यासारखे म्हणजे मी सकाळी उठून आवाज मोकळा करतो आणि मग आठवते की कशाला. माईक आणि ठोकळा पुण्याला पाठवला. ओळखपत्रही. कुरियरवाल्याने फोटो बघून विचारले, "वडील का?"

वाईट एवढेच वाटते की बोलल्याशिवाय मी कोण, हे मला माहीत नाही. संस्कृत शिकलेल्या माणसाने असे वाटून घेऊ नये. पण वाटते.

मंगळवार, २२ एप्रिल

दुपारी दारात मोटरसायकल. गेणबातात्या, मागे कौसल्याबाई, मध्ये नारळाचे पोते. "वैशाखात नरसिंहपूरला मैदान हाय. संगमावर. तुमाला बोलवायला आलोय."

मी स्पष्ट सांगितले, "तात्या, माझी नोकरी गेली. आता टीव्ही येणार नाही."

तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "मी मार्चातच म्हणलं हुतं की. टीव्ही आली न्हाय तरी चालंल, तुमी या."

म्हणजे तो विनय नव्हता तर!

"बरं, मान देऊ," तात्या म्हणाले. "मुंबईपरास कमी, पन हातात. आन् कोऱ्हाळ्याचं, इंदापूरचं बी इचारत्यात. रिप्लेचं समद्यांनी ऐकलंय."

"रिप्लेचं?"

कौसल्याबाई म्हणाल्या, "आता गावोगावी रिप्ले मागत्यात लोकं. पडलेला म्हणतो, मला रिप्ले पायजे. ह्ये तुमीच लावून दिलंय, आता तुमीच निस्तरा."

मालतीने आतून विचारले, "धोतर कुठलं काढू?" मी अजून हो म्हटले नव्हते.

रविवार, २७ एप्रिल

अश्लेषाचा निरोप: 'सर, नरसिंहपूरला मी येऊ? घाई नसलेली कुस्ती बघायची आहे.' ये म्हणालो. रामहरीही येतोय, त्या दिवशी मुहूर्त आहे, तरी.

तात्यांनी जाहिरातीचा कागद पाठवला, गुलाबी, अजून शाईचा वास येणारा. इथे जसाच्या तसा चिकटवतो.

'नरसिंहपूर येथे निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान. निवेदन: शास्त्रीबुवा सुपेकर, बारामती (कळेल असे व न कळेल असे, दोन्ही). मानाच्या प्रत्येक कुस्तीचा रिप्ले मातीतच होईल. रिप्ले प्रायोजक: टाकीवाले, इंदापूर शाखा. टीव्ही येणार नाही, याची सर्वांनी नोंद घ्यावी.'

मालतीने चष्मा लावून वाचला. म्हणाली, "अहो, तुमचं नाव पैलवानांपेक्षा मोठं छापलंय. शाई जास्त लागली असेल."

कुणीतरी कुठेतरी खर्च वाढवला. मी आतल्या खोलीत जाऊन आवाज मोकळा केला. स्वयंपाकघरातून उत्तर आले, "सावधान!"